दगडावरचे सातबारे

१२ जानेवारी २०२४ हा दिवस उरणकर सहसा विसरणार नाहीत. शिवडीहून समुद्र ओलांडत आलेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू त्या दिवशी चिर्ल्याला जमिनीवर उतरला, आणि २०१८ साली खारकोपरपर्यंत येऊन तिथंच अडकून पडलेली लोकल त्याच दिवशी उरण स्टेशनात शिरली. मुंबईहून उरणला यायचं तर आता समुद्राच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. तरीही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच सुटतेच. तासाभराचा प्रवास. डाव्या हाताला तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, मग घारापुरीचे डोंगर, समोर न्हावा-शेव्याच्या अजस्र क्रेन, उजवीकडे द्रोणागिरी. रोजचे प्रवासी यातलं काहीच बघत नाहीत. त्यांनी पाय पसरून डोळे मिटलेले असतात.

मोऱ्याला उतरायचं तर तिथी बघून निघावं. जेट्टीपाशी गाळ इतका साचतो, की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि काही तास फेऱ्याच बंद पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाणी जितकं चढणार तितकंच खोल उतरणार. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो तेव्हा त्यातल्या त्यात निवांत. पावसाळ्यातही लाँच चालते, पण बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की संपलं. मग ज्याला जायचंय त्याने लोकल धरावी. हे सगळं ज्याला ठाऊक नाही तो मोऱ्याला पहिल्यांदा येतोय हे धक्क्यावरच्या चहावाल्यालाही कळतं.

उतरल्यावर बहुतेक जण रिक्षा पकडून उरण बाजारात जातात. हौशी असले तर पिरवाडीच्या किनाऱ्यावर किंवा केगावच्या माणकेश्वराला. ‘मोऱ्यात आणि उरणात बघण्यासारखं जुनं काय आहे?’ असं विचारलं तर लोक क्षणभर विचार करतात आणि घारापुरीकडे बोट दाखवतात. उत्तर चूक नाही. पण जुन्या गावांत मोठ्या वास्तूंच्या सावलीत चिल्लर खुणा पडलेल्या असतात. शेताच्या बांधावरचा कोरीव दगड, देवळाच्या खिडकीचा एखादा गज, फाट्यावरचा स्तंभ. त्यांना तिकीट नाही, पाटी नाही, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच असलं काही नाही. पुण्यात किंवा मुंबईत अशा खुणा शोधत फिरलं की हाताला तऱ्हेवाईक किस्से लागतात. उरणचं वेगळंच आहे. इथली जवळजवळ प्रत्येक खूण एकाच वादातली साक्षीदार निघते. वाद असा, की ही जमीन कुणाची, इथलं मीठ कुणाचं, रान कुणाचं आणि खाडी कुणाची. तलाठ्याच्या दप्तराबाहेर उघड्यावर पडलेले हे सातबारे आहेत.

कागदावर म्हणाल तर हा मुलूख सतत घर बदलत आला. १८८३ पर्यंत उरण-करंजा हे पनवेल तालुक्याबरोबर ठाणे जिल्ह्यात होतं, त्या वर्षी ते कुलाब्यात गेलं, आणि १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचाच रायगड झाला. त्याआधीचे मालक मोजायचे तर सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, अठराव्या शतकात वसईच्या मोहिमेच्या सुमारास मराठ्यांनी त्यांना हुसकलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीपाठोपाठ हे करंजा बेटही घेतलं. हो, बेटच. आजचं उरण तेव्हा चारी बाजूंनी पाण्यात होतं. मधली खाजणं बांध घालून आणि भराव टाकून नंतर कोरडी झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी, घारापुरी, करंजा आणि हॉग बेट इंग्रजांनी सोडलं नाही. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेला हा तुकडा त्यांना का हवा होता हे मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहून समोर पाहिलं की समजतं.

यापेक्षा कितीतरी जुना कागद मात्र दगडाचा आहे, आणि तो निघाला चाणज्यात. चाणजे म्हणजे आज उरणला आणि करंजाला चिकटलेलं गाव. तिथं सापडलेल्या शिलालेखांपैकी एक शके १०६०, म्हणजे इ.स. ११३८-३९ चा, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाचा. आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी त्याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दुसरा शके ११८२, म्हणजे इ.स. १२६० चा, सोमेश्वराचा. हा स्वतःला कोकणचक्रवर्ती म्हणवतो आणि चाणज्यातल्या एका जागेचं १६२ पारुत्थ द्रम्मांचं दान ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला देतो. लेखात उरणचं नाव आहे. साडेसातशे वर्षांत राज्यं बदलली, जिल्हे बदलले, पण गावाचं नाव होतं तिथंच आहे. शेजारच्या रानवडमध्येही सोमेश्वराचाच आणखी एक लेख मिळाला. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एकत्र करून १९७७ साली जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला त्यात ही सगळी मंडळी आहेत. ठाण्याच्या देवाला उरणच्या गावातून उत्पन्न, आणि ते उत्पन्न खाडीतून होडीने जाणार! करंजा बेटाचा पैसा पलीकडच्या शहरात जाण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

असा दगड रोवताना राजाला एक काळजी असे. आपण गेल्यावर हे दान कोण पाळणार? त्याचा बंदोबस्त दगडावरच केलेला असे. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालू. मधे मजकूर. आणि पुष्कळ दगडांवर खाली एक चित्र, ज्यामुळे अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. जो हे दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, ही शिवी शब्दांतही आणि आकृतीतही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही समजलं पाहिजे ना. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, लेख मराठीतला सर्वांत जुना मानावा असं शं. गो. तुळपुळे यांचं मत होतं, आणि तो दगडही गधेगाळच. मराठी भाषेच्या आरंभी असं अस्सल शिवीचं चित्र उभं आहे हे आपण भाषणांत सहसा सांगत नाही.

मला या दगडांतली एक गोष्ट खटकत आली आहे. जमीन बळकावणारा पुरुष, ती वाचवू पाहणारा पुरुष, आणि शिक्षा मात्र आईला. ज्या अपरादित्याने स्वतःच्या आईच्या पुण्यासाठी जमीन दिली, त्याच्याच घराण्याच्या अमलात दुसऱ्याच्या आईला दगडावर गाढवाखाली घातलं गेलं. दानाला आई आणि दंडालाही आई. गावाकडच्या बांधावरच्या भांडणात आजही ज्या शिव्या निघतात त्या ऐकल्या की या दगडांची परंपरा तुटलेली नाही एवढं नक्की पटतं.

शापाचा उपयोग किती झाला, हाही प्रश्नच आहे. सोमेश्वराने चाणज्याचं दान दिलं त्यानंतर पाचेक वर्षांतच देवगिरीच्या महादेव यादवाने त्याला समुद्रात गाठलं. यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या प्रशस्तीत मोठ्या चवीने लिहिलं आहे, की पोहण्यात पटाईत असलेला सोमेश्वर सैन्यासह बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांची जहाजं आणि नाविक लढाई कोरलेली दिसते. ती हीच लढाई असं काही अभ्यासक मानतात. चंद्र-सूर्याची ग्वाही देणारा राजा असा गेला, आणि त्याच्याबरोबर शिलाहारांचं राज्यही.

कोकणात अशा दगडांचं पुढे काय होतं ते कुणीही सांगेल. नशीब बरं असलं तर शेंदूर लागतो आणि दगड गावदेव होतो. नाहीतर तो अशुभ ठरून उलथा पडतो, विहिरीच्या काठाला बसतो, नाहीतर त्याच्यावर धुणं आपटलं जातं. रस्ता रुंद झाला की जेसीबीवाला त्याला इतर दगडांसारखाच बाजूला सारतो. मुंबईत कंपनी सरकारच्या काळातले मैलाचे दगड पदपथाखालून खोदून वर काढले, नीट उभे केले, त्यांची बातमी झाली. ते दोनशे वर्षांचे. आठशे वर्षांच्या दगडाला मात्र उरण तालुक्यात राखण नाही, कारण त्याच्यावरचं चित्र दाखवायला लाज वाटते.

पुन्हा मोऱ्याकडे येऊ. हे बंदर मासळीचं, तसंच एके काळी मिठाचं आणि दारूचं. उरणची मिठागरं इंग्रजी अमदानीत नावाजलेली. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, कोंड्यांतून फिरवत उन्हात आटवायचं, फळीने मीठ ओढायचं आणि ढीग रचायचे. काम आगऱ्यांचं, आणि कर सरकारचा. मिठाची एकेक गोण सरकारी नजरेखालून बंदरावर यायची. दारूची कथा याहून रंगतदार. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू ठरावीक जागी गाळायची असं ठरलं, आणि मुंबई शहराची तहान भागवायचं काम उरणच्या पारशी भट्टीवाल्यांकडे आलं. मोहाची फुलं पार पंचमहालातून रेल्वेने मुंबईला यायची, तिथून मचव्याने खाडी ओलांडून उरणला, आणि त्यांची दारू होऊन परत मचव्यानेच मुंबईला. मोऱ्याच्या धक्क्यावर एका अंगाने फुलं उतरत होती आणि दुसऱ्या अंगाने पिंपं चढत होती असं म्हणायला हरकत नाही.

या व्यवस्थेत एकाच माणसाचं चुकलं. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या कातकऱ्याच्या दारात मोहाचं झाड होतं, आणि त्याची फुलं तो पिढ्यान्‌पिढ्या वेचत होता. खायलाही आणि गाळायलाही. फुलं फुकट आणि दारू घरची असेल तर सरकारी दारू कोण घेणार? म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावर बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी गुन्हा ठरू शकत होता. उरणच्या बाजारात आज त्या भट्ट्यांची आठवण सांगणारी एकही पाटी नाही. दारूच्या इतिहासाची पाटी कोण लावणार, हे समजू शकतं. पण मोहाच्या त्या कायद्यापासून निघालेला धागा पुढे चिरनेरच्या रानात जातो.

त्याआधी खाडीपलीकडे नजर टाकायला हवी. घारापुरी ही महसुली हिशेबाने उरण तालुक्यातलीच ग्रामपंचायत. बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. होय, मोऱ्यासमोरच्या बेटावरही एक मोराबंदर आहे, आणि बाहेरचा माणूस हमखास फसतो. पर्यटक शेतबंदराला उतरतात, छोट्या गाडीत बसून लेण्यांच्या पायऱ्यांपाशी जातात आणि त्रिमूर्तीसमोर फोटो काढून परत फिरतात. मोराबंदराच्या अंगाला पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे फारसं कुणी वळत नाही. ७.५ किलोमीटरची केबल समुद्राच्या तळातून टाकून बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. युनेस्कोने जागतिक वारशाचं नाव दिल्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

घारापुरीचा सर्वांत मोठा वाद म्हणजे ही लेणी कुणी खोदली. कलचुरींनी, कोकणच्या मौर्यांनी की आणखी कुणी? हा वाद मिटवू शकला असता असा एक दगड होता. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोटो लिहून गेला आहे, की लेण्याच्या दरवाजावर एक शिलालेख होता, तो पोर्तुगिजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला. तिसऱ्या जुआंव राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, पण कुणालाच वाचता आला नाही. नंतर दगड गडप झाला. म्हणजे बेटाचा मूळ कागद बेटावरून उचलून, जिथं तो वाचता येणं शक्यच नव्हतं अशा ठिकाणी नेला आणि हरवला. इथल्या काथाकूट करणाऱ्या अभ्यासकांना चारशे वर्षं पुरेल एवढं काम त्या एका वाहतुकीने लावून दिलं.

दुसरी वाहतूकही तशीच. राजबंदरापाशी दगडाचा एक भलामोठा हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ साली त्याची मान आणि डोकं कोसळलं. १८६४ मध्ये उरलेला हत्ती इंग्लंडला न्यायचं ठरलं, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे इंग्लंडला कशाला न्यायचे, म्हणून ते मुंबईत राणीच्या बागेत आले आणि तिथंच पडून राहिले. १९१४ साली दोघा इंग्रजांनी ते जुळवून हत्ती परत उभा केला. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात तो आजही उभा आहे, सांधे दिसतात. शाळेच्या सहली वाघ आणि पेंग्विन बघायला येतात आणि त्याच्याजवळून निघून जातात. एका बेटाचं नाव ज्याच्यामुळे जगभर गेलं तो प्राणी आज बेटावर नाही, आणि तो कुठे आहे ते बेटावर सांगणारी माणसंही थोडीच. मला विचाराल तर घारापुरी बघणाऱ्याने परतीच्या वाटेवर भायखळ्याला उतरलंच पाहिजे.

द्रोणागिरीचं थोडक्यात उरकतो. हनुमंत संजीवनीचा डोंगर घेऊन जाताना त्याचा तुकडा इथं पडला, अशी कथा. करंजाच्या कोळ्यांची द्रोणागिरी माता पायथ्याशी. माथ्यावर पोर्तुगीज किल्ल्याचे आणि नोसा सेन्योरा द पेन्या या चर्चचे पडके अवशेष आहेत. चढण दमवणारी, पण वरून एका बाजूला नौदलाचा परिसर, दुसरीकडे ओएनजीसीच्या ज्वाळा, तिसरीकडे न्हावा-शेव्याचे कंटेनर आणि पायथ्याशी उरलीसुरली भातशेती असा सगळा ताळेबंद एका नजरेत दिसतो. कॅमेरा कुठल्या दिशेला रोखायचा याचं भान मात्र ठेवावं.

आता चिरनेर. उरण तालुक्यातलं हे गाव महागणपतीसाठी आणि कुंभारांसाठी प्रसिद्ध. थंडीत पोपटी लावायला मडकं लागतं ते चिरनेरचंच हवं असं मानणारे रायगडात पुष्कळ आहेत. गणपतीचं देऊळ तळ्याकाठी, मूर्ती शेंदूरचर्चित आणि मोठी. चतुर्थीला रांगा लागतात. रांगेतल्या माणसांनी जरा खिडकीकडे बघावं. तिच्या लोखंडी गजाला एक भोक आहे, आणि ते बंदुकीच्या गोळीने पडलेलं आहे असं गाव सांगतं. तारीख २५ सप्टेंबर १९३०.

मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला तेव्हा ज्या गावांना समुद्र नव्हता तिथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडायचं ठरवलं. चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन लाकूड तोडायला जमले. जे रान बापजाद्यांनी वापरलं त्यातली फांदी तोडायला परवानगी का मागायची, एवढाच मुद्दा. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मारले गेले. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी, मोठी जुईचे रामा बामा कोळी, धाकटी जुईचे आनंदा माया पाटील, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुधाजी घरत, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. नावं मुद्दाम सगळी लिहिली. त्यांत गावांची नावं वाचा, म्हणजे ही एका गावाची गोष्ट नव्हती हे दिसेल. आडनावं वाचा, म्हणजे कोळी, कातकरी, न्हावी, आगरी एकाच माळावर कसे होते ते कळेल. सरकारचा प्रतिनिधी म्हणून तिथं हजर असलेले मामलेदार जोशीही त्याच दिवशी मारले गेले. अडतीस वर्षांपूर्वी ज्या कातकऱ्याच्या हातातून कायद्याने मोहाचं फूल काढून घेतलं होतं, त्याच्या पुढच्या पिढीतला नवश्या या आठांत आहे. मला हा योगायोग वाटत नाही.

हुतात्म्यांच्या स्मारकाला नंतर सरकारी मान मिळाला. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरमध्ये कार्यक्रम होतो, मंत्री-आमदार येतात, आणि पोलिसांची तुकडी बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देते. ज्या दिवशी पोलिसांच्या गोळ्या माणसांवर चालल्या त्याच दिवशी त्या आता आकाशात जातात. गावातल्या म्हाताऱ्या बाया या आवाजाने अजून दचकतात का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. स्मारक भव्य आहे, त्याची निगा राखली जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला त्या गजाचं भोक जास्त बोलकं वाटतं. स्मारक नंतर बांधतात. भोक त्याच क्षणी पडतं.

चिरनेरहून परतताना जासईच्या दास्तान फाट्यावर थांबायला हवं, आणि तिथं थांबणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग एक, वर उड्डाणपूल, धूळ. १६ जानेवारी १९८४ ला इथं शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि नव्या शहरासाठी पनवेल, उरण आणि ठाणे पट्टीतल्या गावांच्या जमिनी गेल्या. मोबदला तुटपुंजा. जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. पहिल्या दिवशी दास्तानला चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर पडले. दुसऱ्या दिवशी नवघर-पागोट्याच्या बाजूला पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर कृष्णा तांडेल. या पाच माणसांच्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. देशात भूसंपादनाच्या चर्चेत ज्याचा दाखला देतात तो हा तोडगा. आज उलवे, द्रोणागिरी, कामोठे, खारघर इथले किती टॉवर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभे आहेत, ते तिथं राहणाऱ्यांनी आपापल्या कागदांत बघावं. फाट्याचं नाव कळायला मात्र गाडीचा वेग कमी करावा लागेल.

शेव्याची गोष्ट सर्वांत विचित्र. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं आणि जगभरच्या जहाजांच्या कागदांवर शेव्याचं नाव गेलं. पण मूळ शेवा गाव तिथं उरलेलं नाही. शेतकऱ्यांची वस्ती ‘नवीन शेवा’ झाली आणि कोळीवाड्याला उरणजवळ बोरी पाखाडीला जागा मिळाली. ती वस्ती म्हणजे हनुमान कोळीवाडा. तिथं घरं बांधली आणि वाळवी लागली. एखाद्या घराला नव्हे, गावाला. भिंतीत, चौकटीत, कपाटात, कागदांत. लोकांनी औषधं मारली, दुरुस्त्या केल्या, अर्ज केले, शेवटी होड्या समुद्रात नेऊन जहाजांची वाटही अडवली. दुसऱ्या पुनर्वसनाचा वाद चाळीस वर्षांच्या आसपास पोचला आहे. समुद्रावरच्या माणसांना जमिनीवर आणलं, तर ती जमीन अशी! कुणी ऐतिहासिक खुणांची यादी करायला बसला तर तो वाळवीने पोखरलेली दाराची चौकट तीत धरणार नाही. मी धरतो. गधेगाळानंतर या तालुक्यात जमिनीबद्दल इतका रोखठोक पुरावा मला दुसरा दिसलेला नाही.

आता पुढची खूण कुठली राहणार, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. द्रोणागिरी नोडला सेक्टरचे आकडे आहेत, रेल्वे स्टेशनांना नावं मिळाली. त्यांत शेमटीखार नावाचं एक स्टेशन आहे आणि त्या नावातला खार अजून तरी शाबूत आहे. बाकीची नावं जात आहेत. इथल्या प्रत्येक शेताला, बांधाला, खाडीच्या प्रत्येक उघाडीला, मिठागराच्या प्रत्येक आगराला नाव होतं. सरकारी कागदावर फक्त सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. खरं नाव म्हाताऱ्यांच्या तोंडात. चाणज्याच्या शके ११८२ च्या लेखात दान दिलेल्या जागेचं नाव घालायला राजा विसरला नव्हता.

म्हणून उरण, उलवे, द्रोणागिरी, करंजाडे, पनवेलच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपली इमारत ज्या भूखंडावर आहे त्याच्या मूळ मालकाकडे, म्हणजे बहुधा शेजारच्याच गावठाणातल्या एखाद्या घरी, एकदा जाऊन या जागेचं जुनं नाव विचारा आणि सोसायटीच्या पाटीवर ते बारीक अक्षरात का होईना, लिहून घ्या. गावठाणातल्या मुलांनी आजी-आजोबांकडून आपल्या गेलेल्या शेतांची नावं वहीत उतरवावीत. आणि बांधावर, तळ्याकाठी, देवळामागे कोरीव दगड दिसला, वर चंद्र-सूर्य असले आणि खाली जे असेल ते असलं, तरी त्याला शेंदूर, तेल, रंग काही लावू नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूही फिरवू नका, जागचा हलवू नका. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, फोटो काढा, जागेची नोंद करा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा.